आईचे पैसे फेडण्याआधी

तुम्ही तिला चोर ठरवलंत. सत्तरी उलटलेल्या बाईला. जन्मभर हॉटेलात परक्यांच्या चादरी धुतलेल्या बाईला. का, तर तिचेच पैसे तिला परत मिळाले. तुम्ही म्हणजे कोण, ते तुम्हाला बरोबर कळलंय. काळा झगा घालून उंचावर बसता ते तुम्ही, आणि त्यांच्याही वर राजधानीत बसून कलमं लिहिता, लिहून झालं की जेवायला जाता, ते तुम्ही. तिचं नाव उच्चारायलाही तुमची जीभ उचलली नाही. ‘प्रतिवादी’ म्हणालात आणि मोकळे झालात. तिचं नाव झिओला रँडल. तिची बाजू घेऊन तुमच्यासमोर उभी राहिली ती व्हर्निटा गोल्स्टन. ही गोष्ट त्या वकीलबाईची आहे. आणि तुमची.

दुसऱ्या गावांत लोक दाताच्या डॉक्टरकडे जातात तितक्या सहज मेम्फिसमध्ये लोक दिवाळखोरीच्या वकिलाकडे जातात. दुखायला लागल्यावर, तोंड लपवत, आणि बहुतेक वेळा फार उशिरा. व्हर्निटाचं ऑफिस लमार रस्त्यावर, विगांच्या दुकानाला लागून होतं. पूर्वी तिथे डोनट मिळायचे. हवा दमट झाली की भिंतींतून अजून तळणाचा वास सुटायचा.

“वकीलबाई, इथे येऊन बसलं की भूक लागते आणि खिशात दमडी नाही म्हणून तर इथे यावं लागतं,” गिऱ्हाइकं म्हणायची. “हा कुठला न्याय?”

“न्याय पलीकडच्या इमारतीत मिळतो म्हणतात,” व्हर्निटा सांगायची. “मी तिथे वीस वर्षं जातेय. दिसला की कळवते.”

गावातल्या इतर वकिलांच्या जाहिराती बसथांब्यांच्या बाकांवर असत, आणि त्यांत त्यांचे दात आधी दिसत. व्हर्निटाच्या बाकावर फोटोच नव्हता. पिवळ्या रंगावर काळी अक्षरं: ‘आईचे पैसे फेडण्याआधी मला भेटा.’ खाली फोन नंबर. या एका ओळीपायी तिने जेवढ्या शिव्या खाल्ल्या तेवढ्या बँकांनीही खाल्ल्या नसतील. ज्या चर्चमध्ये ती लहानपणापासून जायची, तिथल्या पास्टर टॉलिव्हरनी एका रविवारी भर प्रवचनात तिचा समाचार घेतला.

“सैतान आता बाकांवर जाहिरात करायला लागलाय,” ते म्हणाले. “जन्मदात्रीचे पैसे बुडवा म्हणतो. आणि काय धीट आहे बघा, नंबरपण देतो.”

सगळं चर्च हसलं. तिसऱ्या रांगेत बसलेली व्हर्निटाही हसली, कारण सगळे वळून तिच्याकडेच बघत होते.

त्या ओळीमागे तिचा बाप होता. प्लेस गोल्स्टन. टीव्ही दुरुस्त करायचा. दुरुस्तीपेक्षा नवा टीव्ही स्वस्त झाला तेव्हा लोकांनी जुने टीव्ही रस्त्याकडेला ठेवायला सुरुवात केली आणि प्लेसचं दुकान बसलं. पण दिवाळखोरी मागण्याआधी त्याने दुकानाची गाडी विकली आणि सख्ख्या भावाचे, ओथाचे पैसे चुकते केले. “बँकेला गिऱ्हाइकं पुष्कळ आहेत,” तो बायकोला म्हणाला, “ओथाला भाऊ एकच आहे.”

इथेच तो फसला. तुमच्या कायद्याला सगळे सावकार सारखे. बुडणाऱ्या माणसाने बुडण्याआधी एकालाच दिलं तर ती बाकीच्यांची फसवणूक, आणि ज्याला दिलं त्याच्याकडून ते पैसे ओढून परत आणायचे. परक्याला दिलं असेल तर तुम्ही मागचे तीन महिने तपासता. रक्ताच्या माणसाला दिलं असेल तर अख्खं वर्ष. म्हणजे माया जितकी जवळची तितका तुमचा संशय जास्त. ओथावर दावा लागला. त्याने सुतारकामाची हत्यारं विकून पैसे भरले, आणि भावाने मुद्दाम आपलं नाव पुढे केलं अशी मनात गाठ मारून घेतली. ती सुटली नाही. प्लेसच्या मयताला ओथा आला, पण बाहेर गाड्यांपाशीच उभा राहिला. आत बायकांनी वाढून दिलेलं कोंबडीचं ताटही त्याने हातात घेतलं नाही.

व्हर्निटा तेव्हा शाळेत गणित शिकवत होती. संध्याकाळच्या वर्गांना बसून ती वकील झाली. मोठेपणासाठी नाही. या गावात यापुढे कुणी आपल्या माणसाला पैसे दिल्यामुळे आपलं माणूस गमावू नये, एवढंच तिला करायचं होतं. एवढंच, म्हणे.

लोनेल स्प्रॅगिन्स तिच्याकडे आला तो ऑक्टोबरचा महिना होता. गाद्यांच्या कारखान्यात त्याची उभी जवानी गेली होती. कंपनीने दिवाळं काढलं, कारखान्याला कुलूप लागलं, त्याबरोबर आजारपणाचा विमा गेला, आणि विमा गेल्यावर लगेच, जणू वाटच बघत असल्यासारखं, पित्ताशय फुटलं. आता तो एका गोदामात खोकी उचलायचा, आणि पगार हातात यायच्या आत इस्पितळ त्याचा चौथा हिस्सा कोर्टाच्या हुकमाने कापून घ्यायचं.

व्हर्निटाने सगळं ऐकलं आणि तिचा नेहमीचा प्रश्न विचारला. “गेल्या वर्षभरात घरच्या कुणाचे पैसे फेडलेत?”

या प्रश्नाला प्रत्येक गिऱ्हाईक ताठ बसतं. तासभर मान खाली घालून बोललेला माणूस इथे मान वर करतो. लोनेलनेही केली.

“फेडले की. झिओला मावशीचे. मासे धरायची बोट विकली, पण पै न् पै दिली.”

व्हर्निटाने पेन खाली ठेवलं. “बाहेर बाकावर काय लिहिलंय ते वाचलं नाहीत?”

“वाचलं. आई नाही मला, मावशी आहे. म्हटलं, आपल्याला लागू नाही.”

ती हसली नाही. “कधी दिले?”

“फादर्स डेला, जूनमध्ये. तिच्याकडेच जेवायला होतो. बाप म्हणा, आई म्हणा, तीच. ताटाखाली चेक सरकवला. ती रडली. मी पण, थोडंसं. ते लिहू नका.”

“फादर्स डे, हे नक्की?”

“बाई, त्या दिवशी मी पोटभर जेवलो होतो. असले दिवस विसरण्याइतके आलेच नाहीत अलीकडे.”

ते पैसे साधे नव्हते. झिओलाचा नवरा क्लिओथा जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि त्याच्या थडग्यावर अजून मयतवाल्यांनी खोचलेली पत्र्याची पाटीच होती. गवत कापणाऱ्याच्या यंत्राने ती दोनदा वाकवली होती, नावातली अक्षरं उडाली होती. दगडासाठी झिओलाने डॉलरला डॉलर जोडला होता, आणि कारखाना बंद पडल्यावर तेच पैसे उचलून लोनेलच्या हातावर ठेवले होते. “क्लिओथा कुठे जात नाही,” ती म्हणाली होती. “तुझं घर जाईल.” घर गेलंच. पण मावशीला दगड मिळाला पाहिजे म्हणून लोनेलने बोट विकली.

“मग आपण थांबायचं,” व्हर्निटा म्हणाली. “पुढचा फादर्स डे उलटेपर्यंत दिवाळखोरीचा अर्ज करायचा नाही. आत्ता केला तर ते मावशीच्या दारात जातील.”

“तोवर इस्पितळ कापतच राहणार?”

“हो.”

“बरं,” लोनेल म्हणाला. “मावशीला हात लागता कामा नये. माझं काय, मला सवय आहे.”

आणि तो थांबला. थंडीत गाडी ओढून नेली. घरमालकाने खोली सोडायला लावली, तो एका मित्राच्या गॅरेजात राहायला गेला. डबाबंद राजमा थंडच खायचा, कारण गॅसचे वेगळे पैसे द्यावे लागत. गोदामात जायला पहाटेची बस पकडायचा. व्हर्निटा अधूनमधून फोन करायची.

“तग धरलाय का?”

“तुमच्या बाकावर बसूनच बसची वाट बघतो रोज, वकीलबाई. अक्षरं झिजवलीत मी बसून बसून. आता नुसतं ‘आईचे पैसे’ एवढंच वाचता येतं.”

फादर्स डे आला आणि गेला. व्हर्निटाने आणखी थोडे दिवस जाऊ दिले आणि जुलैत अर्ज टाकला. त्या संध्याकाळी बापाच्या थडग्यावर जाऊन आली. एवढ्या वर्षांत एक तरी माणूस तिने त्या फासातून सरळ बाहेर काढला होता, आणि हे कुणाला सांगायचं तर ऐकायला समोर दगडच होता.

अर्ज टाकला की कोर्ट एक वकील नेमतं, दिवाळखोराकडून काय वसूल होईल ते बघायला. त्याला ट्रस्टी म्हणतात. जेवढं वसूल होईल त्यात त्याचा हिस्सा असतो. लोनेलच्या वाट्याला आला क्रेन लॅथम. मऊ बोलणारा, केस नीट, समोर पेपरमिंटच्या गोळ्यांची वाटी. सरकारी इमारतीतली एक खोली, घडीच्या खुर्च्या, टेबलावर आवाज टिपणारं यंत्र, आणि मागे आपल्या नंबराची वाट बघत बसलेली डझनभर कडकी माणसं. लोनेलबरोबर झिओला मावशीही आली होती, डोक्यावर रविवारची जांभळी टोपी. आपल्या पोराला ती कोर्टाच्या दारात एकटं कशी सोडणार?

“विचारतील तेवढंच सांगायचं,” व्हर्निटाने लोनेलला बजावलं. मावशीला काही बजावलं नाही. मावशीला कोण विचारणार होतं?

लोनेलने शपथ घेतली. लॅथमने एकेक प्रश्न विचारला, घर, गाडी, दागिने. नाही, नाही, नाही.

“घरच्या कुणाला पैसे दिलेत?”

“मावशीला. गेल्या वर्षी, फादर्स डेला.”

लॅथमने मनात हिशेब केला. वर्ष उलटून गेलं होतं. त्याने मान हलवली आणि पुढचं नाव पुकारायला तोंड उघडलं. व्हर्निटाने श्वास सोडला.

“चेक त्या दिवशी दिला,” मागून आवाज आला, “पण मी काही उठून बँकेत पळाले नाही हं.”

लॅथमने मान वर केली. “आपण?”

“मी मावशी. मी वाढवलंय त्याला.” झिओला उभी राहिली. कोर्टात उभं राहून बोलायचं असतं, एवढं तिला माहीत होतं. “पोराने बोट विकून दिलेले पैसे. मी म्हटलं, राहू दे थोडे दिवस, मध्येच लागले त्याला तर? बायबलमध्ये ठेवला चेक, स्तोत्रांच्या पानांत. ऑगस्टात चर्चचा प्रार्थनेचा सप्ताह झाला, पास्टरांनी त्यावर हात ठेवला, मग भरला बँकेत. पैशासाठी पोरांच्या मागे लागणाऱ्या म्हाताऱ्या असतात, मी त्यातली नाही. हे लिहून घ्या तुमच्या यंत्रात.”

मागच्या खुर्च्यांतून दोघा-तिघांनी ‘आमेन’ म्हटलं. झिओला टोपी सारखी करून बसली. लोनेलकडे बघून तिने डोळे मिचकावले, कसं सांगितलं म्हणून.

लॅथमने एक गोळी सोलली. “ऑगस्ट,” तो अगदी हळू म्हणाला.

चेक हातात दिला तो दिवस तुमचा कायदा धरत नाही. बँकेने पैसे दिले तो दिवस धरतो. ऑगस्टपासून जुलैपर्यंत वर्ष भरत नव्हतं. व्हर्निटाने अर्ज आणखी काही आठवडे थांबवला असता तर हे सगळं टळलं असतं. कुठल्या दिवशी दिले, हे तिने लोनेलला खोदून खोदून विचारलं होतं. पण चेक हातात पडल्यावर महिने-महिने तो मायेने पुस्तकात जपून ठेवणारं माणूस असतं, हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. आणि ती त्याच चर्चमध्ये वाढलेली. तिची स्वतःची आजी चेक उशीखाली ठेवायची.

बाहेरच्या बोळात तिने लॅथमला गाठलं.

“त्या पैशांचा दगड झालाय, क्रेन. क्लिओथा रँडल, जन्म, मृत्यू, खाली एक फूल. उचलून आणू?”

“दगड मला नको, व्हर्निटा. तू मला राक्षस समजू नकोस.” त्याने गोळी गालात फिरवली. “पण बाईंच्या नावावर घर आहे असं दिसतं.”

व्हर्निटाने जे करता येतं ते सगळं केलं. अर्ज मागे घेऊ द्या म्हणाली. लॅथमने हरकत घेतली, कोर्टाने नाही म्हटलं. लोनेलच पगारातून हप्त्याने भरेल म्हणाली. लोनेल तयार होता, पण नाताळ संपला तसं गोदामाने त्याचे तास निम्म्यावर आणले आणि दुसऱ्याच हप्त्याला तो अडकला. मग झिओलावर दावा लागला, आणि व्हर्निटा तुमच्यासमोर उभी राहिली.

आठवतंय तुम्हाला? नसेल. ती म्हणाली, “महोदय, गाद्यांच्या कंपनीचं दिवाळं याच कोर्टात निघालं. कुलूप लावायच्या आधी साहेबलोकांनी एकमेकांना बक्षिसं वाटून घेतली. घरच्या घरात. ते पैसे परत आले नाहीत, याच खुर्चीने ते राहू दिले.”

तुम्ही म्हणालात, “ते प्रकरण वेगळं होतं, वकीलबाई.”

“वेगळं काय होतं?”

“कंपनी टिकावी म्हणून ती माणसं टिकवणं गरजेचं होतं.”

“कंपनी कुठे टिकली? माझी अशिलं त्या कारखान्याच्या फाटकावरून रोज बसने जातात. कुलपाला गंज चढलाय.”

“बसा.”

ती बसली. बसावंच लागतं. उद्या दुसऱ्या कुणाचं घर घेऊन तिला त्याच खुर्चीपुढे यायचं असतं, आणि हे तिच्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत असतं. निकाल लागायला सकाळच्या कॉफीइतकाही वेळ लागला नाही. झिओलाने सगळे पैसे परत भरायचे. जे वसूल होईल त्यातून आधी लॅथमचा हिस्सा, मग खर्च, आणि उरलेलं बहुतेक इस्पितळाला.

लॅथम महिन्याकाठी थोडे थोडे घ्यायला तयार होता. पण झिओलाने व्हर्निटाला विचारलंच नाही. पास्टरांनी ज्या बाईला सैतान म्हटलं तिचं ऐकल्यामुळे हे झालं, असं चर्चमधल्या बायका म्हणत होत्या, आणि झिओला नाही म्हणत नव्हती. तिला कागद मिटवायचा होता. “कोर्टात माझ्या नावाने चोरीचा कागद पडून असेल तर मी टोपी घालून चर्चमध्ये बसू कशी?” ती म्हणाली. चेक वटवून देणाऱ्या एका दुकानदाराकडे तिने घर गहाण टाकलं आणि ट्रस्टीचे पैसे एकदम भरले. पावती घेतली, घडी घातली. दुकानदाराचं व्याज काय होतं ते तिला वाचता येत होतं, पण तिने वाचलं नाही.

लोनेलने तिच्याकडे जाणं सोडलं. भांडण झालं नाही, शब्द नाही. नदीपलीकडे वेस्ट मेम्फिसला त्याने कुठे तरी खोली घेतली. रविवारी झिओला दोन ताटं मांडायची आणि दुसरं झाकून ठेवायची. लोनेल एकदा व्हर्निटाला बसथांब्यावर भेटला.

“मावशीकडे जा,” ती म्हणाली. “तिला तुझ्यावर राग नाही.”

“माहीत आहे,” तो म्हणाला. “राग असता तर गेलो असतो.”

व्हर्निटाला बापाच्या मयताला गाड्यांपाशी उभा राहिलेला ओथा आठवला. वीसहून अधिक वर्षं तिने हेच थांबवायचा धंदा केला होता.

त्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात झिओला स्वतः डोनटच्या वासाच्या ऑफिसात आली. टोपी घातली नव्हती. दुकानदाराने घराचा लिलाव पुकारला होता. ती खुर्चीत बसली, इकडेतिकडे बघितलं.

“पास्टर म्हणतात तसा धुराचा वास नाही येत इथे,” ती म्हणाली. “चांगला वास येतो.”

“घर वाचणार नाही, मावशी,” व्हर्निटाने सुरुवातीलाच सांगितलं. खोटं बोलण्याचं बळ तिच्यात उरलं नव्हतं. “दिवाळखोरीचा अर्ज टाकला तर थोडे महिने मिळतील. बाकीची देणी सुटतील. घर जाईल.”

झिओलाने मान हलवली. “तुझे प्रश्न विचार. लोनेल म्हणायचा तू लई प्रश्न विचारतेस.”

व्हर्निटा विचारत गेली. आणि मग तो प्रश्न आला. तो चुकवता येत नाही, तुम्हीच तो लावून दिलाय.

“गेल्या वर्षभरात घरच्या कुणाला काही दिलं?”

झिओला ताठ बसली. त्या खुर्चीत सगळे बसतात तशीच.

“दिलं तर. लोनेलच्या खोलीचं अर्धं भाडं. त्याला वाटतं खोलीच स्वस्त आहे, मी घरमालकाला परस्पर देते. ते पण आणणार का ओढून?”

व्हर्निटाने पेन खाली ठेवलं.

“तू शिकलेली आहेस, पोरी. मला एक सांग.” झिओलाचा आवाज चढला नव्हता. “मी माझे पैसे दिले, माझ्या पोराने मला परत दिले, मी माझ्या माणसाला दगड घातला. या सगळ्यात मी चोरलं कुणाचं?”

लिलावाच्या सुनावणीला वकीलबाईने तो प्रश्न उचलून जसाच्या तसा तुमच्यापुढे ठेवला. तुम्ही घड्याळाकडे बघितलंत आणि पुढचं प्रकरण पुकारलंत. घर गेलं. झिओला आता एका पुतणीच्या सोफ्यावर झोपते, लोनेल अजून नदीपलीकडेच आहे, आणि बाकावरची ती ओळ कुणी तरी काळा रंग मारून पुसून टाकली आहे. व्हर्निटाने ती पुन्हा लिहून घेतलेली नाही.

पण प्रश्न पुकारून संपत नाही. तो तिथेच आहे, तुमच्या टेबलावर, घड्याळाशेजारी. त्या बाईने चोरलं कुणाचं? घड्याळाकडे बघू नका. उत्तर द्या.